एक मिनिट, फोनवर आहे!

पंधरा मिनिटे रांगेत निवांत उभ्या असलेल्या माणसाला नेमका काउंटरवर पोहोचल्यावरच फोन कसा येतो, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही. आला तर आला, पण तो तेव्हाच घेतलाच पाहिजे का? समोरची मुलगी "काय देऊ?" असे विचारते आणि हे महाशय कान व खांदा यांच्यामध्ये फोन दाबून, मान वाकडी करून तिला नुसते एक बोट दाखवतात. ते बोट म्हणजे "एक मिनिट थांबा" की "एक कॉफी द्या", हे तिनेच ओळखायचे! तिने कॉफी पुढे केली, की डोळे वटारून मानेनेच "ही नव्हे" असे सांगायचे आणि पलीकडच्याला मात्र "बोल रे, मी मोकळाच आहे" असे ऐकवायचे. मोकळाच? मग मागे ताटकळणारे आम्ही आठजण काय शोभेला उभे आहोत? पैसे चुकवायची वेळ आली, की पैसे फोनमध्ये आणि फोन कानाला! १९७३ मध्ये मार्टिन कूपर यांनी हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला, तेव्हा त्या यंत्राचे वजन सुमारे एक किलो होते. ते तेवढेच राहिले असते, तर निदान या माना तरी सरळ राहिल्या असत्या. काल तर एका बाईंनी कहरच केला. ऑर्डर विचारणाऱ्या त्या मुलीलाच त्यांनी सुनावले, "जरा हळू बोला, मला फोनवरचे ऐकू येत नाही."