आयर्लंडला येताय? मग घोडा होऊन या

आयर्लंडमध्ये नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. थालीपीठाची भाजणी विमानतळावर अडवतात का, थर्मल किती जोड घ्यावेत, हे प्रश्न नंतर. आधी एक मुळातली चूक सुधारा. तुम्ही माणूस म्हणून येताय. शक्यतो घोडा होऊन या. टांग्याचा किंवा वरातीचा नव्हे हं, शर्यतीच्या जातीचा, थरोब्रेड.

माणसाला इथे घर मिळत नाही. डब्लिनमध्ये भाड्याची खोली बघायला गेलात की जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात पगाराच्या पावत्या, जुन्या घरमालकाचं शिफारसपत्र, आणि आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर 'आम्ही फोडणी देत नाही' असा खोटा भाव. मी अशा अकरा रांगा केल्या. घोड्याला हा ताप नाही. त्याच्यासाठी अर्थसंकल्पात दर वर्षी पैसे काढून ठेवतात. २००१ च्या कायद्याने त्याचा वेगळा निधीच केलाय. ८० टक्के घोड्यांच्या शर्यतींना, २० टक्के ग्रेहाउंड कुत्र्यांच्या. २०२५ साली निधी ९ कोटी ९१ लाख युरो होता. म्हणजे कुत्रा होऊन आलात तरी उपाशी मरणार नाही, फक्त वाटा धाकट्या भावाचा.

'घोडे श्रीमंतांचे, मग पैसे सरकारचे का?' असं पबमध्ये विचारू नका. उत्तरं तयार असतात. ३० हजार लोकांचं पोट यावर आहे, खेड्यापाड्यांतून रोजगार आहे, वगैरे. ते खोटंही नाही. पहाटे पाचला कुडकुडत लीद उपसणारा पोरगा खराच असतो. या निधीतून दिलेल्या बक्षिसाचा मोठा वाटा जिंकणाऱ्या घोड्याच्या मालकाकडे जातो, आणि तो मालक दुबईचा शेखही असू शकतो, एवढंच. शिवाय, हा पैसा पैजांवरच्या २ टक्के करातूनच वसूल होतो, असंही सांगतात. त्या करात फुटबॉलवर लावलेल्या पैजाही येतात, पण फुटबॉलला शेपूट नसल्यामुळे तो हिशेबात धरत नाहीत. आपल्याकडे रेसच्या पैजेवर आता ४० टक्के जीएसटी आहे. तेव्हा घोडा व्हायचंच तर देश नीट निवडा.

घोडा जमत नसेल तर कवी व्हा. हे थट्टेने नाही सांगत. १९६९ साली चार्ल्स हॉही अर्थमंत्री होते. त्या वर्षीच्या एकाच वित्त कायद्यात त्यांनी दोन जमातींचं उत्पन्न करमुक्त केलं: लेखक-कलावंतांचं, आणि घोडीवर सोडायच्या नर घोड्याच्या फीचं. प्रतिभा आणि वीर्य, दोन्ही निसर्गदत्त, त्यावर कर कसला! हॉहींना स्वतःलाही घोड्यांचा नाद. पुढे १९९५ ची आयरिश ग्रँड नॅशनल शर्यत त्यांच्याच घोड्याने मारली. घोड्याची सवलत २००८ साली गेली. कलावंतांची मर्यादा घालून अजून चालू आहे. आपल्याकडे कवीला शाल आणि नारळ देतात, आणि तो नारळ कोणत्याच रकान्यात दाखवावा लागत नाही. तेवढी आपण बरोबरी केलीय.

आता कुंडली काढून ठेवा. लागेल.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते, त्यांना किल्डेअरचा आयरिश नॅशनल स्टड दाखवायला नेलं. स्टड म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचं केंद्र, आणि हा सरकारी मालकीचा. १९०० साली विल्यम हॉल वॉकर नावाच्या गृहस्थाने तो काढला, आणि शिंगरू जन्मलं की तो त्याची पत्रिका मांडायचा. ग्रह वाईट निघाले की शिंगरू विकून टाकायचं. तबेल्यांच्या छपरांना त्याने काचेचे झरोके ठेवले, चंद्र-ताऱ्यांचा प्रकाश घोड्यावर पडावा म्हणून. आईने मान वर करून झरोका नीट पाहिला आणि विचारलं, "मंगळ बघायचे का?" मी गाइडला विचारलं नाही. तिला मात्र तो देश त्या क्षणी आवडला.

बाबांचं लक्ष दुसरीकडे. गाइड सांगत होती की थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालतच नाही, घोड्याला स्वतः जावं लागतं. आमच्या गावात डॉक्टर मोटारसायकलवरून येतो, दहा मिनिटांत म्हैस भरवून जातो, पावती देतो. इथे इन्व्हिन्सिबल स्पिरिट नावाच्या सरकारी घोड्याची फी एके काळी १ लाख २० हजार युरो होती. बाबांनी मनात रुपये केले आणि बाकावर जाऊन बसले.

एक सावधगिरी. कागदपत्रं नीट वाचल्याशिवाय सही करू नका, कारण तिथे आणखी एका घोड्याची नेमणूक असते. याला टीझर म्हणतात. घोडी माजावर आलीय का, हे बघायला याला पुढे करतात. तो खिंकाळतो, फुरफुरतो, नाचतो. घोडी राजी आहे असं दिसलं की याला लगाम धरून बाहेर काढतात आणि लाखाचा घोडा आत आणतात. आमच्या ऑफिसात कायम नोकरीची आशा दाखवून ठेवलेले कंत्राटी लोक आहेत. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

निघताना गाइडने शेवटची गंमत सांगितली. शिंगरू कधीही जन्मो, नोंदीत सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारी. बाबा एकदम बाकावरून उठले. त्यांच्या पासपोर्टवर १ जून आहे. त्यांच्या वर्गातल्या सतरा मुलांची तीच तारीख होती.

"म्हणजे इथेही गुरुजीच टाकतात तर," ते म्हणाले.

तेव्हा तुमच्याही दाखल्यावर १ जून असेल तर अर्ज करून बघा. अर्धी पात्रता तिथेच झाली. दात मात्र तपासून या. इथे डेंटिस्ट फार महाग आहे.