स्वस्त विमान कंपनी आली म्हणजे भाडं उतरलंच, असं नाही

सोलापूरच्या ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘इंडिगोसारखी मोठी स्वस्त कंपनी होटगी रोडला (सोलापूरच्या विमानतळावर) उतरली की मुंबईचं तिकीट आपोआप निम्म्यावर येईल. रेल्वे आणि ट्रॅव्हल्सवालेही भाडं उतरवतील. विमानासाठी पुणे-हैदराबाद गाठायची गरज उरणार नाही. तेव्हा छोट्या कंपन्यांचं अनुदान बंद करा आणि मोठीला आणा.’

या मागणीमागची तळमळ खरी आहे. विमानांच्या वाटेतला अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, त्याआधी आणि नंतरही या शहरानं विमानाची वाट किती पाहिली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच मागायचं काय, हे नीट ठरवून मागायला हवं. या मजकुरातले बहुतेक दावे तपासल्यावर टिकत नाहीत.

‘कंपनी स्वस्त, म्हणून भाडं स्वस्त’

या समजाला आधार आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं १९९३ मध्ये साउथवेस्ट या स्वस्त कंपनीचा अभ्यास केला. ओकलंड-बरबँक मार्गावर ती उतरल्यावर भाडं निम्म्याहून खाली आलं आणि प्रवासी सुमारे सहापट झाले. पण भाडं उतरलं ते साउथवेस्टनं वेगळं, कमी खर्चाचं विमान त्याच मार्गावर इतरांच्या समोर उभं केलं म्हणून. आधीच्या कंपन्यांना प्रवासी टिकवायचे तर दर कापावेच लागले. पुढे २००८ मध्ये गूल्सबी आणि सायव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं, की साउथवेस्ट एखाद्या मार्गाच्या दोन्ही टोकांच्या विमानतळांवर आली, पण त्या मार्गावर अजून उडत नसली, तरी जुन्या कंपन्या आधीच भाडं कमी करू लागतात. म्हणजे खरं काम करते ती दुसऱ्या कंपनीची भीती.

आता सोलापूरकडे या. गोव्याला फ्लाय ९१ या छोट्या कंपनीची सेवा ९ जून २०२५ ला सुरू झाली. मुंबई आणि बंगळुरूला स्टार एअर ही दुसरी छोटी कंपनी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. मार्ग वेगळे, कंपन्या वेगळ्या, त्यामुळे एकमेकींचे प्रवासी ओढायची गरज दोघींनाही नाही. उद्या इंडिगो मुंबई मार्गावर आली आणि छोटी कंपनी काढता पाय घेऊन गेली, तर फलकावरचं नाव बदलेल. तिकीट विकणारी कंपनी मात्र एकच राहील.

एकाच हातात सगळं गेलं की काय होतं, ते देशानं डिसेंबर २०२५ मध्ये पाहिलं. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी ज्या कंपनीकडे आहेत, त्याच इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. इतर कंपन्यांचे दर असे चढले की सरकारला कमाल भाडं ठरवावं लागलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारापर्यंत १२,०००. त्याआधी मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या स्वस्त कंपनीनं उड्डाणं थांबवली, तेव्हा लेह, श्रीनगर, पुणे अशा मार्गांवर भाडं भडकलं आणि विमान वाहतूक मंत्रालयाला कंपन्यांना बोलावून घ्यावं लागलं. दोन्ही वेळा कमी खर्चाच्या कंपन्या बाजारात होत्याच. कमी पडल्या त्या जागा आणि पर्याय.

‘दिल्ली-मुंबई इतकं स्वस्त, मग सोलापूर-मुंबई का नाही?’

कारण विमान तेच नसतं. इंडिगोचं स्वस्त गणित एअरबस ए ३२० वर बसलेलं आहे. एका फेरीत १८०-१८६ जागा, जमिनीवर अर्ध्या तासाच्या आसपास थांबा आणि दिवसभर सतत उड्डाण. होटगी रोडची धावपट्टी सुमारे २,१०० मीटरची. त्यात आपला मे महिना. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. मोठं विमान अशा धावपट्टीवरून उडवायचं तर वजन कमी करावं लागतं, म्हणजे काही जागा रिकाम्या सोडायच्या किंवा इंधन कमी भरायचं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दुपारी हे गणित कोणत्याही कंपनीला जड जातं.

त्यामुळे इंडिगो आलीच, तर ७८ जागांचं एटीआर हे छोटं विमान घेऊन येण्याची शक्यता जास्त. स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५ मध्ये ७६ जागा आहेत. दोन वैमानिक, विमानाचं भाडं, देखभाल, विमानतळाचं शुल्क, हा सगळा खर्च पाऊणशे माणसांत वाटला तर डोईवर जास्त पडणार आणि १८६ माणसांत वाटला तर कमी. नावाच्या फलकामुळे हा भागाकार बदलत नाही. शहराजवळ बोरामणीला प्रस्तावित असलेला मोठा विमानतळ म्हणूनच महत्त्वाचा आहे, पण तो प्रश्न वेगळा आणि लांबचा.

‘पहिल्या जाहिरातीतलं भाडं हेच खरं भाडं’

नव्या मार्गाच्या जाहिरातीतला आकडा मोजक्याच जागांचा असतो. त्या संपल्या की पुढचा टप्पा, मग त्याच्या पुढचा. वर चेक-इन सामान, आवडीची सीट, खाणं यांचे वेगळे पैसे. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, दिवाळी किंवा लग्नसराईतल्या शुक्रवारचं तिकीट पाहून मगच दर ठरवा. मंगळवारच्या दुपारचं तिकीट पाहून मत बनवू नका.

‘रेल्वे आणि ट्रॅव्हल्सवालेही भाडं उतरवतील’

हा दावा लगेच निकाली निघतो. १६ डब्यांच्या वंदे भारतमध्ये १,१२८ जागा असतात. सोलापूर-मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली तेव्हा ती १६ डब्यांचीच होती. एका विमानात पाऊणशे. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणारा माणूस आणि विमानानं जाणारा माणूस, यांचा खिसाही वेगळा आणि गरजही वेगळी. रोजच्या एका-दोन उड्डाणांनी रेल्वेला धक्का लागत नाही. रेल्वेचं भाडं बाजार पाहून नव्हे, सरकारी निर्णयानं ठरतं. ट्रॅव्हल्सवाल्यांची स्पर्धा एकमेकांशी आणि एसटीशी आहे.

‘पुणे-हैदराबादला जायची गरज उरणार नाही’

इथे मजकुरात थोडं तथ्य आहे, आणि त्याबद्दल मला आनंद वाटतो. नव्या छोट्या विमानतळावर स्वस्त कंपनी आली की शेजारच्या मोठ्या विमानतळावरही परिणाम होतो, हे घडलेलं आहे. अमेरिकेत साउथवेस्ट १९९६ मध्ये प्रॉव्हिडन्सला आणि १९९८ मध्ये तिथल्याच मँचेस्टरला उतरली, तेव्हा बोस्टनच्या आसपासचे कितीतरी प्रवासी तिकडे वळले. पण ही दोन्ही गावं बोस्टनपासून गाडीनं तास-दीड तासावर आहेत. पुणं आपल्यापासून अडीचशे किलोमीटर. पुणेकर सोलापूरला विमान पकडायला येणार नाही, त्यामुळे पुण्याचं भाडं आपल्यामुळे हलणार नाही.

सोलापूरकरांचा पुण्याचा फेरा वाचेल, पण तो फक्त ज्या शहरांना थेट विमान आहे त्यांच्यासाठी. दिल्ली किंवा चेन्नईला जायचं असेल, तर मुंबईत उतरून पुढचं विमान वेळेत मिळतं का, हा प्रश्न. टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्याला परदेशी ग्राहक भेटायला बोलवायचा असेल तर त्यालाही हीच अडचण. इथे मोठ्या कंपनीचा खरा उपयोग आहे. एकाच तिकिटावर पुढचं उड्डाण आणि सामान थेट शेवटच्या गावी, ही सोय मोठ्या जाळ्याची कंपनीच देऊ शकते. इंडिगो मागायची तर या कारणासाठी मागा.

‘छोट्यांचं अनुदान बंद करा’

हा सगळ्यात घातक सल्ला. छोटी शहरं विमानानं जोडण्यासाठीच्या केंद्राच्या उडान योजनेत निवडलेल्या कंपनीला ठरावीक जागा, सहसा निम्म्या, तासाभराच्या उड्डाणाला सुरुवातीला २,५०० रुपयांच्या मर्यादेत विकाव्या लागत. तोट्याचा फरक सरकार भरून देतं. याच धर्तीवर राज्य सरकारनंही सोलापूर-मुंबईसाठी असा निधी द्यायचा निर्णय घेतला. हा आधार काढला की काय होतं? सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल सांगतो, की उडानखाली सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली, आणि त्यातले फक्त ५४ मार्ग मार्च २०२३ पर्यंत टिकून होते. सोलापूरनं हे स्वतःही भोगलंय. किंगफिशर इथे यायची, ती बंद झाली आणि विमानतळ वर्षानुवर्षं रिकामा राहिला.

पण अनुदान जसं आहे तसंच ठेवा, असंही मी म्हणत नाही. उडानमध्ये मार्ग मिळवणाऱ्या कंपनीला तीन वर्षं त्या मार्गावर एकटीचा हक्क मिळतो. नवी सेवा रुजायला ते बरं असेलही, पण त्या काळात भाडं उतरवणारी स्पर्धा सहसा येऊ शकत नाही. आपल्या लोकप्रतिनिधींना आणि व्यापारी संघटनांना विचारायचं ते हे: राज्याच्या निधीत दुसऱ्या कंपनीला वाव आहे का? मुदत संपल्यावर काय? कमाल भाडं किती जागांना लागू आहे, आणि त्या जागा विकल्या गेल्याचा हिशोब कुठे पाहायला मिळतो?

आणि चौथा प्रश्न स्लॉटचा, म्हणजे विमानतळावर उतरायच्या-उडायच्या ठरावीक वेळेचा. मुंबईच्या जुन्या विमानतळावर उतरायची वेळ मिळणं फार अवघड, त्यामुळे दुसरी कंपनी तयार झाली तरी तिला सोयीची वेळ मिळेलच असं नाही. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत. सोलापूरहून सकाळी निघून, काम उरकून, संध्याकाळी परतता येईल अशी वेळ तिथे दुसऱ्या कंपनीला आत्ताच मिळवून द्यायला हवी, वेळा भरून जाण्याआधी.