आणि इतर सोळा

आज २१ ऑक्टोबर. सकाळी पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर स्मृतिदिनाच्या संचलनाला हजर होतो आणि साडेअकरा वाजता आमच्या सेवानिवृत्तांच्या संघटनेच्या सभेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. या दोन जागांमध्ये चालत पाच मिनिटांचे अंतर आहे. तेवढ्या अंतरात आपली रीत कशी बदलते ते आज डोळ्यांनी पाहिले, आणि रात्रीचे दहा वाजले तरी डोके शांत होत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. मजकूर लांबेल.

सकाळचे आधी सांगतो. वर्षभरात देशभर कर्तव्यावर मरण आलेल्या अधिकारी-अंमलदारांची नावे मैदानावर एकेक करून वाचली गेली. ऊन चढत होते, पुढच्या रांगेतल्या नव्या पोरांचे पाय अवघडले असतील, पण वाचणाऱ्याने एकही नाव गाळले नाही आणि एकाही शिपायाला ‘इत्यादी’ म्हटले नाही. नंतर शोकशस्त्र झाले, बिगुल वाजला. आपल्यापैकी बहुतेकांना हा दिवस का पाळतात ते ठाऊक आहे. ज्यांची मुले-सुना हे वाचतील त्यांच्यासाठी सांगतो, की १९५९ मध्ये याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याने केलेल्या हल्ल्यात पोलीस अधिकारी करम सिंग यांच्या तुकडीतील दहा जवान मारले गेले. त्यांची प्रेते चीनने १३ नोव्हेंबरला परत केली आणि तिथेच, त्या थंडीत, त्यांना पोलीस इतमामाने अग्नी देण्यात आला. तीन आठवडे उशिरा हाती आलेल्या माणसांनाही खात्याने मानाने निरोप दिला, ही आपली शिकवण. मला तरी हेच शिकवले गेले होते.

आता सभेचे. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त. विषय क्रमांक दोन, श्रद्धांजली. चिटणीसांनी कागद उचलला आणि वर्षभरात गेलेल्या सात सेवानिवृत्त अधिकाऱ्यांची नावे हुद्द्यासह वाचली. निरीक्षक, उपअधीक्षक, पुन्हा निरीक्षक. आठव्या नावाची मी वाट पाहत होतो. चिटणीसांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, “आणि इतर सोळा दिवंगत सभासद.” त्यानंतर दोन मिनिटे स्तब्धता. मी घड्याळ पाहिले, जुनी सवय आहे. पंचेचाळिसाव्या सेकंदाला कुणाचा तरी फोन वाजला आणि अध्यक्ष “धन्यवाद” म्हणून खाली बसले. विषय क्रमांक तीन महागाई भत्त्याच्या फरकाचा होता, त्याला पाऊण तास लागला.

त्या इतर सोळांमध्ये आमचे तात्या होते.

तात्यांना मी हवालदार म्हणून ओळखले आणि ते हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. नदीकाठच्या एका ठाण्यात ते मुद्देमाल कारकून होते, म्हणजे जप्त केलेल्या आणि सापडलेल्या वस्तू सांभाळणारे, आणि मी नाईक, त्यांचा मदतनीस. कृष्णेकाठचे ठाणे म्हटले की वर्षाला चार-पाच बेवारस प्रेते ठरलेली. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश, वर्तमानपत्रात वर्णन, आणि कोणी आले नाही तर दफन. (जुन्यांना फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ आठवत असेल, नव्या कायद्यात ते १९४ झाले आहे.) दफनाला जाणारा शिपाई बहुधा नाकाला रुमाल लावून लांब उभा राही आणि नगरपालिकेची माणसे माती ओढून मोकळी होत. तात्यांची पाळी असली म्हणजे मात्र ते बाजारातून स्वतःच्या पैशाने झेंडूची माळ घेत, खड्ड्यापाशी टोपी नीट करत आणि माती पडण्यापूर्वी कडक सलाम ठोकत. पुढे एक दगड रोवून त्यावर रंगाने नोंदीचा नंबर घालत. ठाण्यात त्यांची थट्टा होई. मीही हसलो आहे, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

सरकारी नोंदवहीशिवाय त्यांची स्वतःची एक लांबट वही होती. तीत प्रत्येक बेवारस मयताचे वर्णन ते इतके बारकाईने लिहीत, की पंचनामा त्यापुढे फिका वाटावा. “तात्या, कशाला एवढे?” असे मी एकदा विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, “नाव कळेपर्यंत नंबर तरी नीट पाहिजे.”

ज्या माणसाने अनोळखी प्रेतांनाही ‘इतर’ होऊ दिले नाही, तो माणूस आपल्याच सभेत ‘इतर’ झाला. आता सांगा, मला राग का येऊ नये?

सभेनंतर मी चिटणीसांकडे गेलो. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत, गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले आहे, आणि हे काम ते एक पैसा न घेता करतात, हे मी मान्य करतो. ते म्हणाले, तेवीस नावे वाचायची तर वेळ जातो, लोक कंटाळतात, चहा थंड होतो. चहा थंड होतो! सकाळी मैदानावर आपण सगळे त्या उन्हात उभे होतो तेव्हा कोणाला चहा आठवला नाही. मग नावे वाचायची तर सातच का, आणि ती अधिकाऱ्यांचीच का, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. सेवेत असताना हुद्दा लागतो, त्याशिवाय दल चालत नाही, एवढे मलाही कळते. पण ज्याला निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षे झाली आणि ज्याला आपण खांदा दिला, त्याच्या बाहीवर आपण अजून हुद्द्याच्या फिती मोजतो आहोत.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तीस फूट उंचीची, २३८ टनांची ग्रॅनाइटची शिळा आणि शौर्यभिंतीवर त्या दिवशीपर्यंतची ३४,८४४ नावे. त्या भिंतीवर शिपाई आणि महासंचालक एकाच मापाच्या अक्षरांत असतात. आपले तुकाराम ओंबळे सहायक फौजदार होते. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची एके-४७ धरून ठेवली आणि सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले आणि आज केडंबे हे गाव लोकांना त्यांच्यामुळे माहीत आहे. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याला सुरुंगस्फोटात आपले पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. त्या पोरांचीही नावे खात्याने मैदानावर वाचली. जो कर्तव्यावर गेला त्याची नोंद सरकार ठेवते आणि ठेवलीच पाहिजे. त्यांची आणि तात्यांची बरोबरी मी करत नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. पण तात्या मूत्रपिंडाच्या आजाराने एकाहत्तराव्या वर्षी घरच्या खाटेवर गेले. त्यांना ना भिंत, ना फैरी, आणि त्या त्यांना मिळाव्यात असेही माझे म्हणणे नाही. त्यांचे नाव घेण्याचे काम सरकारचे नव्हतेच. ते आपले होते, आणि आपल्याकडे त्यासाठी अर्धे मिनिट नव्हते.

कोणी म्हणेल की गेलेले सगळेच काही तात्या नव्हते. बरोबर आहे. त्या तेवीस जणांत असेही दोघे-तिघे आहेत ज्यांच्याविषयी मी तोंड उघडले तर ही पोस्ट वेगळ्याच वळणावर जाईल. त्यांचेही नाव वाचावे, एवढेच म्हणतो. गुण सांगता आले नाहीत तर बक्कल नंबर, म्हणजे खात्याने दिलेला क्रमांक, आणि ठाणे सांगावे.

आमच्या व्हॉट्सॲप गटाविषयी मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. तात्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा सकाळी आठ वाजता त्यांच्या मुलाने निरोप टाकला. नऊपर्यंत अडतीस जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिले होते, बहुतेकांनी वरच्याचेच उचलून खाली चिकटवले होते, आणि त्यांच्या मधोमध कोणीतरी सुप्रभातचे गुलाब पाठवले होते. स्मशानात आम्ही खात्यातले पाच जण होतो. अडतीसातले पाच. उरलेल्यांना लांब पडत असेल, पाय चालत नसतील, मी समजू शकतो. २०२० मध्ये करोनात आपली माणसे गेली तेव्हा स्मशानाच्या फाटकाबाहेर वीस फुटांवरून हात जोडण्यावाचून इलाज नव्हता. ती सवय तेव्हापासून आपल्या अंगात मुरली की काय, असे मला कधीकधी वाटते.

पुन्हा त्या वहीकडे येतो, कारण ती डोक्यातून जात नाही. २००५ च्या जुलैतल्या महापुरात ठाण्यात छातीभर पाणी आले. साहेबांनी हत्यारे हलवायला लावली आणि तात्यांनी मुद्देमालाची पाकिटे व रजिस्टरे डोक्यावरून शेजारच्या शाळेच्या माळ्यावर नेली. त्याच पुरात वरच्या अंगाने एका म्हाताऱ्याचे प्रेत वाहत आले. वहीतली नोंद मला जवळजवळ पाठ आहे: पुरुष, वय अंदाजे ६५, डाव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेले, कमरेला काळा करगोटा, त्यात एक पितळी किल्ली. चार वर्षांनी एक बाई ठाण्यात आली. बाप पुरात गेला होता, प्रेत मिळाले नव्हते, आणि ती नदीकाठची ठाणी एकेक करून विचारत खाली आली होती. ठाणे अंमलदार तिला वाटेला लावत होता. गोंदणाचा शब्द कानावर पडताच तात्या आतून वही घेऊन आले. साहेबांची सही घेऊन त्यांनी पाकीट फोडले. किल्ली पाहताच ती बाई मटकन खाली बसली. ती तिच्या आईच्या पेटीची किल्ली होती. तात्यांनी तिला दगडापर्यंत नेले, ती मातीला हात लावून रडत होती तोवर लांब उभे राहिले, आणि परत आल्यावर वहीत नंबरापुढे लाल शाईने तिच्या बापाचे नाव लिहिले. मला म्हणाले, “एक नंबर कमी झाला.” त्या दिवसानंतर मी हसलो नाही.

आज सभेतून निघालो तो सरळ घरी जाऊ शकलो नाही. संध्याकाळी पाचला तात्यांच्या घरी गेलो. माझ्या घरापासून नऊ किलोमीटर. तात्या आजारी होते त्या दोन वर्षांत मी तिथे किती वेळा गेलो, असे कोणी विचारू नये, एकदा गेलो. म्हणजे चिटणीसांवर एवढा आवाज चढवणारा मीही काही वेगळा नाही, हे गाडी लावताना माझ्या लक्षात आले आणि निम्मा राग तिथेच उतरला.

वहिनींनी चहा केला. मुलगा पुण्याला असतो, कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन तो कोषागारात दोनदा जाऊन आला, असे त्या सांगत होत्या. पुढच्या महिन्यात हयातीचा दाखला या वेळी आपल्यालाच द्यावा लागेल का, हेही विचारत होत्या. मग कप उचलता उचलता त्यांनी सहज विचारले, “भाऊजी, आज तुमची सभा होती ना? वाचलं का ह्यांचं नाव?”

मी म्हणालो, “हो वहिनी, वाचलं.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी साक्षीला उभा राहून खोटे बोललो नाही. आज बोललो. त्यांनी मान हलवली, आत गेल्या आणि वही आणून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “इथे वाळवी लागेल, तुमच्याकडे ठेवा.”

ती आता माझ्या टेबलावर आहे. एकूण एकेचाळीस नोंदी आहेत. सहांपुढे लाल शाई आहे.

तात्यांचे पूर्ण नाव मी इथे लिहिलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. वहिनींना मी विचारलेले नाही, आणि जे नाव सभेत घ्यायचे होते ते फेसबुकवर घेऊन मला स्वतःची सुटका करून घ्यायची नाही. पुढची सभा नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आहे. त्या सभेत विषय क्रमांक दोनला मी उभा राहणार आहे आणि सोळाही नावे वाचणार आहे: हुद्दा, नाव, बक्कल नंबर, शेवटचे ठाणे, आणि प्रत्येकाविषयी एक तरी वाक्य. चिटणीसांना मी आत्ताच फोन करून सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “यादी माझ्याकडून घेऊन जा.” त्यांचाही राग आता मला राहिलेला नाही. सोळांपैकी अकरा जणांची माहिती मी मघापासून वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर जुळवली आहे. उरलेल्या पाच जणांबरोबर ज्यांनी काम केले असेल त्यांनी मला रविवारपूर्वी फोन करावा.

आणि एक. तात्यांचा बक्कल नंबर मला आठवत नाही. त्यांच्या खांद्याला खांदा लावून मी इतकी वर्षे काम केले, रोज हजेरीला तो ऐकला, आणि आज रात्री तो काही केल्या आठवत नाही. वहिनींना विचारायचे धाडस मला होत नाही. तुमच्यापैकी कोणाला आठवत असेल तर कळवा, रात्री कितीही वाजता.