सॅचेल पेजच्या त्या तीन इनिंगबद्दल

नमस्कार. साठीला टेकलेल्या माणसाला व्यावसायिक बेसबॉलच्या सामन्यात उतरवणं म्हणजे गल्ला भरायचा तमाशा, त्यापायी एखाद्या तरुणाची जागा जाते आणि खेळातल्या विक्रमांनाही किंमत उरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गल्ल्याचं खरं आहे. 25 सप्टेंबर 1965 ला कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सचे मालक चार्ली फिनली यांनी 59 वर्षांच्या सॅचेल पेज या कृष्णवर्णीय पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) बोस्टनविरुद्ध उतरवलं ते तिकिटं खपावीत म्हणूनच. त्याच्यासाठी मैदानावर डुलती खुर्ची मांडली, दिमतीला नर्स ठेवली. हे मलाही खटकतं. पण सामना मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा होता, आणि त्यात पेजने काय केलं ते बघा. तीन इनिंग (समोरच्या संघाच्या तीन पाळ्या) टाकल्या, धाव एकही दिली नाही. हिट, म्हणजे चेंडू मारून तळ गाठणं, जमलं ते एकट्या कार्ल यास्त्रेम्स्कीला, जो दोनच वर्षांपूर्वी लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला होता. दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगमध्ये सहा जण आले, सहाही बाद होऊन परतले. खुर्ची फिनलींची, पण हे सहा बळी पेजचे!

तरुणाची जागा गेली म्हणता. मोसम संपत आला होता आणि त्या वर्षी अॅथलेटिक्स 103 सामने हरले. आणि जागेचाच हिशेब काढायचा तर पेजच्या जागेचाही काढा. 1920 च्या दशकापासून तो निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये, पिचिंग करत होता. मेजर लीगची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती, ती 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनपासून उघडली. पेज आत आला 1948 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी. त्या मोसमात क्लीव्हलँडकडून सहा सामने जिंकले, एकच हरला, आणि संघ वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकला. त्याची ऐन उमेदीची वर्षं कुणी खाल्ली, याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही.

विक्रमांचंही तेच. निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला 2020 च्या डिसेंबरमध्ये, आणि तिथले आकडे अधिकृत नोंदीत आले 2024 मध्ये. तोवर ती वहीच अर्धवट होती. तीन इनिंगनी ती कशी बाटेल?

उतारवयात परत उतरवलेल्या मिनी मिन्योसो या खेळाडूबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. 1976 मध्ये पन्नाशीत त्याने खरीखुरी हिट मारली, पण 1980 मध्ये त्याला पुन्हा बॅट दिली ती पाच दशकांत खेळल्याची नोंद व्हावी म्हणून. ते मलाही ओढूनताणून केल्यासारखं वाटतं.

पण पेजला त्या रांगेत बसवू नका. 1968 मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला करारावर घेतलं, कारण मेजर लीगच्या पेन्शनसाठी त्याचे थोडे दिवस कमी पडत होते. 62 वर्षांच्या या पिचरला पेन्शनसाठी दिवस मोजायची वेळ आली, ती दारं इतकी वर्षं बंद होती म्हणून.