आमच्या इटॅलिक फॉण्टवरच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

आपण दोन तारे दिलेत. लिहिलंत की अक्षरं पडायला आल्यासारखी दिसतात, एफ पुढच्या कंसावर आदळतो, तळटीपा वाचवत नाहीत, आणि इटॅलिक म्हणजे शेवटी सरळ अक्षर तिरकं करणंच, त्याचे वेगळे पैसे कशाला? आपल्या मेलला उत्तर द्यायला चार दिवस लागले, ही आमची चूक. माफ करा.

पण ‘तिरकं करणंच’ हे लागलं, खोटं कशाला बोलू.

आपण जोडलेलं चित्र मोठं करून पाहिलं. आमच्या अक्षरांचा कल १२ अंशांचा. चित्रातल्या एलच्या दांड्याला कोनमापक लावला तर दुपटीहून जास्त भरला. म्हणजे फॉण्ट निवडून झाल्यावर आपण वरचं इटॅलिकचं बटणही दाबलंत. या फॉण्टमध्ये इटॅलिक ही एकच शैली आहे. सॉफ्टवेअर तिला साधी शैली समजतं आणि बटण दाबलं की आपल्या हिशेबाने आणखी ढकलतं. त्यात ओ चेपतो, जाड-बारीक रेघांचा तोल जातो. तो कंस तर आमचा नाहीच, दुसऱ्या फॉण्टचा आहे, सरळ उभा. त्याच्यावर दुप्पट कललेला एफ आदळणारच.

नुसतं ढकलून भागलं असतं तर आम्ही एवढे महिने कशाला घालवले असते? आमचा ए एकमजली आहे, हाताने लिहितो तसा. एफचं शेपूट ओळीखाली उतरतं. व्ही आणि डब्ल्यूला टोकं नाहीत, वळणं आहेत. अक्षरं अंगानेही अरुंद आहेत. हे सगळं कलमाच्या वळणातून आलंय. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियसने अख्खं पुस्तक इटॅलिकमध्ये छापलं, त्याचे ठसे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले होते, तेही त्या काळच्या हस्ताक्षरावरून. गंमत म्हणजे त्यातली कॅपिटल्स सरळच होती! आपण मात्र शीर्षक सगळंच्या सगळं कॅपिटलमध्ये घेतलंत, तीही लांब शेपट्यांची. ती शेपटी शब्दाच्या पहिल्या अक्षराला शोभते. नऊच्या नऊ अक्षरांना लावली की एकमेकांत अडकतात.

तळटीपांचं म्हणाल तर आठ पॉइंटला या बारीक रेघा टिकत नाहीत, हे मान्य. हा फॉण्ट शीर्षकाचा, निमंत्रणाचा, मोठ्या आकारातल्या एखाद्या अवतरणाचा. वर्णनात ‘मोठ्या आकारासाठी’ असं लिहिलंय, पण तळाला आणि बारीक अक्षरात, हेही खरं. ते वर घेतो. बटणाबद्दलची सूचनाही कुठेतरी घालू, पुढच्या आवृत्तीत फॉण्टमध्येच काही करता आलं तर तेही बघू.

लोक विकत घेण्याआधी हेच अभिप्राय वाचतात, म्हणून इतकं लांबलं. आम्ही दोघंच आहोत, हा आमचा पहिलाच फॉण्ट. पैसे परत हवे असतील तर मेल करा, वाद घालणार नाही. फक्त त्याआधी बटण काढून, कंस आमच्याच फॉण्टमधला घेऊन तीच ओळ एकदा बघा.