फोर-लो लावल्याने इंजिनाची ताकद दुप्पट होत नाही

पावसाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'फोर बाय फोर गाडी आहे ना? मग घाटात फोर-लो लावा. इंजिनाची ताकद दुप्पट होते, चिखलात रुतलेली गाडी निघते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकही लवकर लागतो.' नवी गाडी घेतलेली मंडळी यावर विश्वास ठेवतात, म्हणून हे लिहितोय. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देता येणारी गाडी. तिच्यात टू-हाय (दोनच चाकांना जोर, नेहमीचा वेग), फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) आणि फोर-लो (चारही चाकांना जोर, संथ वेग) असे पर्याय असतात.

आधी ताकदीचं. इंजिन तेच, त्याची ताकदही तेवढीच. लो लावल्यावर ट्रान्सफर केसमधल्या (गिअरबॉक्सकडून आलेला जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीतल्या) गिअरची एक जादा जोडी मध्ये येते, एवढंच. जिम्नीत या जोडीचं गुणोत्तर साधारण 2 आहे, हायलक्समध्ये 2.566. म्हणजे हायलक्स फोर-हायच्या पहिल्या गिअरमध्ये ज्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) ताशी 10 किलोमीटर जाते, त्याच आरपीएमला लोमध्ये जेमतेम 4 जाईल. चाकावरचा जोर अडीचपट होतो, पण वेग तेवढाच घटतो. विहिरीवरच्या रहाटासारखं आहे हे: दांडा लांब केला तर हाताला हलकं लागतं, पण हात जास्त फिरवावा लागतो.

'रुतलेली गाडी निघते' हे अर्धंच खरं. चिखलात कमी पडते ती पकड, जोर नव्हे. लोच्या पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी आणखी खाली बसते. लो लावलीच तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर उचला, पाय हलका ठेवा. लांब, सपाट चिखलाच्या पट्ट्यात बहुतेकदा फोर-हायच बरी, कारण तिथे गाडीचा वेग मोडू द्यायचा नसतो. आणि डिफरन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरायला लावणारी सोय) नसेल, पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी असेल, तर लो-हायचा वाद घालण्यात अर्थच नाही. चाकाखाली दगड भरा.

लोचं खरं काम वेगळंच आहे. आमच्या बागेकडे उतरणारी जांभ्याची वाट पावसात शेवाळते. तिथे मी वरच थांबून लो लावतो, पहिला गिअर टाकतो आणि दोन्ही पाय पेडलवरून काढून घेतो. गाडी माणसाच्या चालीने उतरते, इंजिनच तिला धरून ठेवतं. ब्रेक दाबला असता तर चाकं लॉक होऊन गाडी घसरली असती.

आता ब्रेकचा दावा. हा सर्वांत धोकादायक आहे. टू-हायमध्येही ब्रेक चारही चाकांना लागतो. डांबरावर गाडी किती अंतरात थांबेल ते टायर आणि रस्ता ठरवतात. उलट जिम्नी, थार, हायलक्स यांच्यात पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही, त्यामुळे फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा दांडा) एकत्र जखडला जातो. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला काटायचा असतो आणि तो फरक जिरायला जागाच उरत नाही. कोरड्या डांबरावर फोरमध्ये यू-टर्न घेऊन बघा: स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी अडते. तो ताण शेवटी शाफ्ट आणि जॉइंटवर येतो. डांबरी घाट उतरताना गिअरबॉक्सचाच खालचा गिअर पुरतो.

चालत्या गाडीत लो टाकू नका. थांबा, न्यूट्रल करा, मग टाका. डांबरावर परतल्यावर लिव्हर निघत नसेल तर जोर लावू नका. गाडी सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घ्या, बहुतेकदा ताण सुटतो आणि लिव्हर सहज निघते.