अंगदुखीची गोळी, पित्ताची गोळी आणि मूत्रपिंड

सांगली जिल्ह्यात मोबाइलवर फिरणारा एक संदेश असे सांगतो की, अंगदुखीची गोळी जेवणानंतर पित्ताच्या गोळीसोबत घेतली की किडनीला धोका नाही. इंजेक्शन तर त्याहून सुरक्षित. आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, मूत्रपिंडाने गाळला जाणारा रक्तातला टाकाऊ पदार्थ) नॉर्मल असेल तोवर काळजीचे कारण नाही.

पहिले विधान सर्वांत घातक आहे, कारण ते अर्धे खरे आहे. जेवण आणि पित्ताची गोळी यांमुळे जठर काहीसे वाचते. मूत्रपिंडाला होणारी इजा मात्र रक्तात उतरलेल्या औषधामुळे होते. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांच्या आधाराने रुंद राहतात, आणि डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही अंगदुखीची औषधे नेमकी तीच द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. म्हणूनच मार्चच्या उन्हात दिवसभर ऊस तोडून घामाने निथळलेल्या मजुराने संध्याकाळी भरल्या पोटी घेतलेली गोळीही मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करू शकते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर हा धोका आणखी वाढतो. अशा रुग्णांनी रक्तदाबाची औषधे मनाने बंद करू नयेत. दुखण्याची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

इंजेक्शनमधले औषधही त्याच रक्तात जाते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या दृष्टीने ते सुरक्षित ठरत नाही.

क्रिएटिनिनचा दिलासाही फसवा आहे. मूत्रपिंडाची जवळजवळ निम्मी क्षमता गेल्यावरच हा आकडा अनेकदा मर्यादेबाहेर जातो, आणि स्नायू कमी असलेल्या कृश वृद्धेत तो त्यानंतरही नॉर्मल दिसू शकतो. ज्यांना या गोळ्या वारंवार घ्याव्या लागतात, त्यांनी वयानुसार काढलेला जीएफआर (मूत्रपिंडाच्या रक्त गाळण्याचा वेग) आणि लघवीतील प्रथिनेही तपासून घ्यावीत.

निरोगी माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन दिवस गोळी घेतल्यास सहसा अपाय होत नाही, हे मान्यच आहे. योग्य मात्रेत पॅरासिटामॉल मूत्रपिंडाला तुलनेने सुरक्षित असते; परंतु ‘पॅरासिटामॉलच आहे’ म्हणून हातात पडणाऱ्या कित्येक गोळ्यांत ॲसिक्लोफिनॅकही असते, म्हणून पाकिटावरचे घटक वाचावेत. दुखण्याच्या गोळ्या चालू असताना लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली, तर त्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वेळेत थांबवल्यास बहुतेकदा मूत्रपिंड सावरते.